बिराजदार बाईंचं मनगट

बिराजदार बाईंच्या मनगटावर घड्याळ नसायचं. घड्याळ होतं, पण ते एप्रनला पिनेनं टाचलेलं. डावं मनगट कायम मोकळं. बांगडी नाही, दोरा नाही, काही नाही. ते मनगट आम्हा शिकाऊ पोरींचं होतं.

त्याचं असं होतं. बाळंतपणाच्या वॉर्डात पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला आमच्याकडे अॅल्युमिनियमचा एक कर्णा असायचा. वीतभर लांब, एका टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखा पसरलेला. फुलाचं तोंड बाईच्या पोटावर, दुसरं टोक आपल्या कानाला. कर्णा कानानंच दाबून धरायचा, हातानं नाही, कारण हात लावला की हाताचीच खरखर ऐकू येते. म्हणजे आपले हात मोकळे राहतात. अशा वेळी बिराजदार बाई आपलं डावं मनगट पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "दे." बाळाचा ठोका जसा ऐकू येईल तसा आपण बोटानं त्यांच्या मनगटावर द्यायचा. त्यांची नजर छातीवरच्या घड्याळावर. मिनिट भरलं की आकडा सांगून मोकळ्या.

"आन ऐकूच आलं न्हाय तर?" त्या पहिल्याच दिवशी विचारायच्या आणि उत्तरही स्वतःच द्यायच्या. "बोट उचलून धरायचं. सरळ वर. लाजायचं न्हाय. बाळ कुटं जात न्हाय, आपल्याला घावत न्हाय एवढंच. मी जागा दावते. पर ऐकू आलं न्हाय आन बोट हललं, तर ती पोरगी माज्या शाळेत न्हाय."

आम्हाला वाटायचं, सगळीकडे असंच शिकवतात. तसं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही नर्सिंगच्या शाळेत ही पद्धत नव्हती. हे मला पुढं नोकरीत कळलं, पण त्याचं कारण त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

मी बी.ए. होऊन या शाळेत आले होते. हे मी आजही सांगते आणि मान वर करून सांगते. वडील गिरणीत साचे, म्हणजे माग चालवायचे, आईला अंगठ्यापलीकडे काही येत नव्हतं, आमच्या चाळीत पदवीचा डगला घालून फोटो काढलेली मी पहिली. त्यानंतर मी परिचारिका आणि सुईणीचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा चाळीतल्या बायकांनी विचारलं, "येवढं शिकून बाळंतिणींची घाण काढणार व्हय गं?" मी म्हणाले, काढणार, आणि तुमची वेळ आली की तुमचीही काढणार. मला वाटलं होतं शाळेत तरी पदवीला मान मिळेल. बिराजदार बाईंनी माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता असं कर, पदवी खुंटीला अडकव आन तितला एप्रन काढून घाल. सुटी असंल तवा पदवी घालून फिर."

तेव्हापासून माझं नावच 'बी.ए.' पडलं. "ए बी.ए., हिकडं ये. ह्या बाईचं पोट बघ आन सांग डोकं कुटं हाय."

बाई मूळच्या अक्कलकोटकडच्या. मराठी बोलता बोलता कानडीत शिरायच्या आणि परत यायच्या, आपल्याला सांधा दिसायचा नाही. अडलेल्या बाईला 'यव्वा' म्हणायच्या, म्हणजे माय. कर्णा पोटावर ठेवायच्या आधी काखेत धरून गरम करायला लावायच्या. "गार लोखंड लावलं की आतलं दचकतं. तुला आंगुळीला गार पानी आवडतं का?" दुष्काळ चालू होता, अंघोळीला कसलंच पाणी नव्हतं, त्यामुळे या प्रश्नाला आम्ही उत्तर देत नसू.

त्यांच्या काही अटी होत्या. त्यांच्याशी बोलताना तोंड वर करून बोलायचं. "जमिनीला काय सांगतीस? मी हितं हाय." तोंडापुढं पदर किंवा हात धरायचा नाही. वर्गात कुजबुज दिसली तर फळ्याचं फडकं अंगावर यायचं. ऑफिसात फोन वाजला तर त्या कधी उचलायच्या नाहीत, "ती मेट्रनबाईंची चैन हाय" म्हणायच्या. या सगळ्याला आम्ही शिस्त समजत होतो.

सोलापुरात तेव्हा घड्याळ नसलं तरी चालायचं, गिरणीचा भोंगा असायचा. दुपारचा भोंगा झाला की बाई पुस्तक मिटायच्या आणि आम्ही जेवायला सुटायचो. एक दिवस बाई मूल झाल्यावर आत चिकटून राहिलेली वार कशी सोडवतात ते शिकवत होत्या. असं शिकवत होत्या, की सगळा वर्ग खिळून बसला होता. भोंगा झाला. त्या दिवशी कुणी वही मिटली नाही, कुणी खिडकीकडे पाहिलं नाही. भोंगा लांबलचक वाजला, खिडकीची काच थरथरली, आणि बाई एकाच सुरात बोलत राहिल्या. एकेक मुलगी हळूहळू दुसरीकडे बघायला लागली. तेव्हा आम्हाला कळलं. इतके दिवस बाई भोंगा ऐकत नव्हत्या. त्या आमच्या माना वर होताना बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या खोलीवर गेले. आवारातच त्यांना एक खोली होती. मी म्हणाले, "बाई, तुम्हाला ऐकू येत नाही का?" मला आडून बोलता येत नाही.

बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं होतं, पण हात थांबला नाही. "एक कान साफ गेलाय. दुसऱ्यात समोरच्याचं जरा जरा येतंय, तेबी चाललंय." क्षयाच्या वॉर्डात ड्युटी असताना त्यांनाही क्षयानं धरलं होतं. सुया घेतल्या, छाती सुधारली, आणि त्या सुयांनी कान नेले. "एक दिलं, एक नेलं. तक्रार कुणाकडं करायची?"

"मिरजेला दाखवा की."

"दावलंय. डाक्टर बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं न्हाय." आणि स्वतःच हसल्या. मग हसू गेलं. "हे बघ बी.ए. कान गेल्याचं कळलं की मला वॉर्डात ठेवायची न्हाईत. वॉर्ड गेला की खोली गेली. खोली गेली की भावाचं घर. तितं भावजय हाय. बहिरी हाय म्हणून तिचं ऐकायला लागणार न्हाय, तेवढाच फायदा." सूप बाजूला ठेवलं. "मला दुसरं कायबी येत न्हाय गं. स्वयंपाकसुदा बरा येत न्हाय. मला पोरं बाहेर काढता येत्यात आन पोरी शिकवता येत्यात."

आम्ही कुणालाही सांगितलं नाही. ठरवून बैठक झाली नाही, पण प्रत्येकीनं आपापलं काम उचललं. मेट्रन मागून येत असली की कुणीतरी बाईंच्या समोर जाऊन उभी राहायची. भोंगा झाला की मुद्दाम वह्या आपटायच्या. आम्हाला त्यात गैर वाटलं नाही. कान आमचे, अक्कल बाईंची, आणि मधे ते मनगट. ही जोडणी चालत होती, आणि चांगली चालत होती.

किती चांगली, तेही सांगते. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरची एक तरुण बाई आली. पहिलटकरीण. तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि बरोबरच्या म्हातारीला तर रडण्याशिवाय काही येत नव्हतं. मी कर्णा लावला, बाईंच्या मनगटावर ठोके देत होते. कळ आली तसा ठोका मंदावला. तसा तो मंदावतोच. पण कळ ओसरली तरी तो वर येईना. मला वाटलं माझंच बोट जड झालं. बाईंनी घड्याळ सोडून डोळे मिटले होते. एकदम म्हणाल्या, "हे तुजं बोट न्हाय. ही नाळ हाय." मला डॉक्टरांकडे पळवलं आणि स्वतः त्या बाईला कुशीवर वळवून तिची कंबर उशांनी उचलून धरली. डॉक्टरांनी चिमटे लावून मूल काढलं. गळ्याभोवती नाळेचे वेढे होते. निळं पडलेलं मूल बाईंनी उलटं धरलं, पाठ चोळली, आणि ते रडलं. ते रडणं सगळ्या वॉर्डानं ऐकलं. बाईंनी त्याच्या उघड्या तोंडाकडे पाहून ओळखलं.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमचे कान फार तयार आहेत हो."

"व्हय," बाई म्हणाल्या. "लई कान हाईत मला."

आमच्या वर्गात शकुंतला होती, जेऊरची. नवऱ्यानं टाकलेली. भावानं एवढ्याच अटीवर पाठवली होती की पास झाली तर ठीक, नाही तर परत येऊन नवऱ्याच्या पाया पडायचं. तो नवरा दारू पिऊन तिला कोंडून मारायचा, तिच्या खांद्यावर डाग होते. ती पाठांतराला पक्की होती, पण कर्ण्यात तिला ठोका लवकर सापडायचा नाही. भीतीनं तिचे कान स्वतःच्याच छातीच्या धडधडीनं भरून जायचे. मग बोट वर. परत बोट वर.

बाईंनी आमच्याकडून एक सराव करून घेतला होता. निरोगी बाळाचा ठेका कसा असतो तो बाकावर बोटं आपटून घोटायचा. सगळा वर्ग एकदम. टकटक टकटक टकटक, भरधाव, पण एकसारखी. आम्ही जेवताना ताटावर तो ठेका धरायचो. तो बोटात इतका मुरला की झोपेतही चुकला नसता. चांगलं बोटात बसलं की वाईट लगेच कळतं, असं बाईंचं म्हणणं. ते खरंही होतं.

एके दिवशी बाई दमलेल्या होत्या. दुष्काळी कामावरच्या बायका ट्रक भरभरून येत होत्या, खडी फोडता फोडता कळा लागलेल्या. पाणी उकळून उकळून पुरवायचं, त्यात शकूनं तिसऱ्यांदा बोट वर केलं. बाई वैतागून म्हणाल्या, "तुजं बोट हाय का झेंडा गं? रोज उठून वर."

सगळ्या हसल्या. शकूही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळवेढ्याकडच्या एका कामावरून सुंद्रा नावाची बाई आली. पायाला अजून खडीची धूळ. पहिली दोन मुलं जगली नव्हती. तिनं आल्या आल्या बाईंचा हात धरला आणि म्हणाली, "बाई, हे तरी राहू द्या." बाईंनी शकूला कर्णा दिला आणि मनगट पुढं केलं. मी पलीकडच्या टेबलावर टाके घालायला मदत करत होते, मान वळवली की दोघी दिसत होत्या. शकू वाकली. बराच वेळ काही नाही. मग तिचं बोट चालू लागलं. टकटक टकटक टकटक. भरधाव, एकसारखी.

बाईंचा चेहरा फुलला. सुंद्राच्या कपाळावरून हात फिरवून म्हणाल्या, "वाजतंय यव्वा. लई ग्वाड वाजतंय."

दुपारपर्यंत शकूनं अनेकदा ठोका दिला. प्रत्येक वेळी तोच. वॉर्डात त्या दिवशी इतक्या बायका होत्या की डॉक्टर ज्यांचं बिघडलंय त्यांच्याकडेच जात होते, आणि सुंद्राचं काही बिघडलेलं नव्हतं. दुपार कलल्यावर बाई मला म्हणाल्या, "बी.ए., कळ असताना ठेका जरासुदा हलला न्हाय. हे कसं?" हे त्यांनी विचारलं आणि तिथंच त्यांचा चेहरा उतरला. "तू लाव," त्या म्हणाल्या. मी कर्णा लावला. इकडे, तिकडे, बेंबीखाली, कुशीत. मी बोट वर केलं. बाईंनी जागा दाखवली. मी परत बोट वर केलं.

मूल थोड्या वेळानं आलं. मुलगा होता, अंगानं भरलेला. बाईंनी त्याच्या तोंडात फुंकर घातली, छाती चोळली, डॉक्टर आले, सुई दिली. डॉक्टर थांबले तरी बाई थांबल्या नाहीत. शेवटी मेट्रननं त्यांचे हात धरले. सुंद्रा टेबलावरून बघत होती. तिनं आरडाओरडा केला नाही. साध्या आवाजात विचारलं, "सकाळी वाजत हुतं ना बाई? तुमीच म्हनलासा की."

बाईंना ते ऐकू आलं नसेल असं मला वाटलं होतं. पण त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं होतं.

शकूनं सगळं स्वतःच सांगून टाकलं. तिला काही ऐकूच आलं नव्हतं. झेंडा नको म्हणून तिनं बाकावरचा ठेका दिला, आणि एकदा दिल्यावर मागं फिरता येईना. मेट्रनच्या ऑफिसात आम्हा तिघींना उभं केलं. मोठे डॉक्टर खुर्चीत. शकूला काढून टाकायचं हे त्यांचं ठरलेलंच होतं. ते बोलत असताना बाई मधेच म्हणाल्या, "हिला न्हाय. मला काढा."

"सिस्टर, तुमचा काय संबंध? तिनं खोटं सांगितलं."

"आन मी का इचारत हुते? मी स्वता कर्णा का लावला न्हाय, हे इचारा की."

डॉक्टरांनी मेट्रनकडे पाहिलं.

"मला ऐकू येत न्हाय. कान गेल्यात माजे."

मेट्रन उठून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "कधीपासून?"

"तुमी हितं आला त्याच्या आधीपासनं. तुमचा आवाज कसा हाय ते मला नीट ठावं न्हाय. ओठावरनं बोलणं उचलते. तुमच्या मिशा जरा बारीक असत्या तर अजून सोपं गेलं असतं."

कुणी हसलं नाही. बाईंनीही ते हसवायला सांगितलं नव्हतं, खरी अडचण सांगितली होती. मग त्या शकूच्या बाजूला सरकल्या. "पोरगी भ्याली. तिला मी भिववलं. बोट वर करायला मीच शिकवलं आन वर केल्यावर मीच हसले. हिला शिकू द्या. ती आता जल्मात खोटं बोट देणार न्हाय."

मी विचारलं, "डॉक्टर, बाळ कधी गेलं?" मेट्रननं माझ्याकडे डोळे वटारले, पण मला ते कळायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "येतानाच गेलेलं असेल, दुपारी गेलं असेल. आता कुणी सांगू शकत नाही."

शकूला ठेवून घेतलं. बाईंची वॉर्डातली ड्युटी त्याच दिवशी बंद झाली. दुसरं काम आहे का, बाईंनी विचारलं. कपड्यांच्या कोठारातसुद्धा जागा नव्हती. खोली रिकामी करायला सांगितलं गेलं.

बाईंनी एवढं सगळं ज्या मुलीसाठी दिलं, ती मुलगी टिकली नाही. शकू पुन्हा वॉर्डात गेली, कर्णा काखेत धरला, आणि पोटावर ठेवायला तिचा हात पुढं होईना. बाई जायच्या आदल्या सकाळी तिची ट्रंक जागेवर नव्हती. जेऊरच्या गाडीत बसताना तिला कुणीतरी पाहिलं.

बाईंना पोचवायला मी स्टँडवर गेले. बाकीच्या पोरींना ड्युटीवरून सोडलं नव्हतं, मी न विचारता गेले. अक्कलकोटची गाडी उभी होती. टपावर कुणाची तरी शेळी ओरडत होती, कंडक्टर घंटीची दोरी ओढत होता, ध्वनिक्षेपक कुठल्या तरी गाडीच्या नावानं खरखरत होता. बाई खिडकीशी शांत बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी. सफेद साडीऐवजी त्यांना रंगीत लुगड्यात मी पहिल्यांदा पाहत होते, आणि त्या मला कुणाच्याही घरातल्या म्हाताऱ्या बाईसारख्या दिसल्या.

"शकू अभ्यास करती का?" त्यांनी विचारलं.

मी तोंड वर करून, ओठ नीट हलवून म्हणाले, "गेली बाई. घरी गेली."

त्यांनी माझ्या तोंडाकडे आणखी थोडा वेळ पाहिलं, मी काही पुढं बोलते का म्हणून. मग गजांतून डावा हात बाहेर काढला. मनगट वर.

"एक इचारते. तू तितंच हुतीस. तू शिकलेली हाईस, खोटं बोलत न्हाईस, म्हणून तुला इचारते. सकाळी शकूनं कर्णा लावला तवा ते पोर जित्तं हुतं का?" आणि मग, नेहमीसारखं, "दे."

मी बोट त्यांच्या मनगटावर ठेवलं. कातडी गरम होती, खाली त्यांची स्वतःची नाडी लागत होती. बोट नुसतं तसंच स्थिर ठेवलं असतं तरी पुरे होतं. म्हणजे ठोका नव्हताच, पोर येतानाच गेलं होतं, कुणाचा दोष नाही. बाई तेवढं घेऊन गावी गेल्या असत्या. भावजयीच्या घरात, काही ऐकू न येणाऱ्या त्या घरात, तेवढं एक त्यांना पुरलं असतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या डोळे मिटून थांबल्या होत्या, वॉर्डात थांबायच्या तशाच.

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

मी बोट उचललं आणि सरळ वर धरलं.

बाईंनी डोळे उघडून ते बोट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच मान हलवली, वर्गात एखादीचं उत्तर बरोबर आलं की हलवायच्या तशी. हात आत घेतला, आणि ते मनगट दुसऱ्या हातात धरून मांडीवर ठेवलं, जणू ते कुणा दुसऱ्याचं होतं आणि त्यांना सांभाळायला दिलं होतं.

गाडी हलली. मागच्या दारातून कंडक्टरनं माझ्याकडे पाहून ओरडून विचारलं, "काय बाई, थांबवू का? यायचंय का?"

तेव्हा मला कळलं, माझं बोट अजून वरच होतं.